आधी गेमला विचारा

सुरत–भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्टेशनात एक बाक आहे. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. मधोमध रेघ, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना राज्यांची नावं रंगवलेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत, घोषणा चार भाषांत. १ मे १९६० ला दोन राज्यं वेगळी झाली आणि सीमा नेमकी स्टेशनाच्या अंगावरून गेली. स्टेशन कोणी पाडलं नाही, उचलून एका बाजूलाही नेलं नाही. लोक त्या बाकावर बसून गाडीची वाट बघत राहिले.

या बाकाकडे आपण पुन्हा येऊ. आधी नवापूर ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तिथल्याच दोन लॅपटॉपांची गोष्ट. गोष्ट कल्पनेतली आहे, पण तिच्यातली यंत्रं घरोघरी सापडतील.

पहिला लॅपटॉप शहाद्यात. २०१८ मध्ये दादाने घेतलेला, आता धाकट्याच्या वाट्याला आलेला. सातव्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह, जीटीएक्स १०५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०. दुसरा नंदुरबार शहरात, त्याच्या आतेभावाकडे. २०२३ चा, आरटीएक्स ३०५० वाला, विंडोज ११ सोबतच आलेली. धाकट्याची अडचण अशी की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय घेतली तरी घरगुती वापरासाठी ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे यंत्र ठणठणीत आहे, पण कागदोपत्री म्हातारं ठरलंय. आतेभावाची तक्रार वेगळीच. लॅपटॉप नवा, पण स्टार्ट मेनूत शिफारशी, खेळ रंगात आला की अपडेटचा आग्रह, आणि प्रत्येक कोपऱ्यात ‘खातं उघडा’.

दोघांनाही कोणीतरी सांगितलंय, ‘विंडोज उडव, लिनक्स टाक.’ सल्ला एकच आहे. तो दोघांना सारखाच लागू पडेल का, हे या प्रकरणात बघायचंय.

खिशात आहेच

लिनक्स म्हटलं की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आठवतात. वास्तविक नंदुरबारच्या बाजारात ज्याच्या हातात अँड्रॉइड फोन आहे, त्याच्या हातात लिनक्सच आहे. अँड्रॉइडचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनक्सचा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला त्याची पहिली जाहीर वार्ता दिली, तीही ‘छंद म्हणून करतोय’ अशा सुरात. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्या आधारची मागची यंत्रणाही मुख्यतः मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर उभी राहिली, आणि तिच्या पायाशी लिनक्स आहे. आपला या गड्याशी संबंध जुनाच आहे, फक्त तो दारापुढे कधी दिसला नाही.

दारापुढे दिसली ती विंडोज. २००१ पासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पोरांनी एमएस-सीआयटीच्या वर्गात संगणकाला पहिला हात लावला तो विंडोजवरच. पुढे संगणक बिघडला की दुकानात जाऊन सांगायचं वाक्यही ठरलं: ‘फॉरमॅट मारा आणि नवी विंडोज मारून द्या.’ त्यामुळे संगणक म्हणजेच विंडोज हे समीकरण डोक्यात बसलं. ते यंत्रात नव्हतं, सवयीत होतं. सवय बदलता येते. पण गेमिंग लॅपटॉपच्या बाबतीत सवयीच्या पुढचाही एक प्रश्न आहे: विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालणार कसा?

धडगावचा दुभाष्या

सातपुड्यातल्या धडगावच्या दवाखान्याची कल्पना करा. डॉक्टर पुण्याचे, मराठी बोलणारे. आजीबाई पावरी बोलणाऱ्या. मध्ये परिचारिका उभी आहे, तिला दोन्ही भाषा येतात. आजी सांगते, परिचारिका त्याच क्षणी मराठीत सांगते, डॉक्टर उत्तर देतात, ते पावरीत परत जातं. आजीला मराठी शिकावी लागत नाही आणि डॉक्टरांना पावरी.

लिनक्सवर विंडोजचा गेम असाच चालतो. गेम विंडोजच्या भाषेत मागण्या करतो: ही फाइल उघड, हा आवाज वाजव, पडद्यावर हे त्रिकोण रंगव. मध्ये ‘वाइन’ नावाचं सॉफ्टवेअर या मागण्या लिनक्सच्या भाषेत सांगतं. १९९३ पासून त्याचं काम चालू आहे. चित्र रंगवण्याची भाषा सगळ्यात किचकट. विंडोजकडे ती डायरेक्टएक्स, लिनक्सकडे व्हल्कन. तिथे डीएक्सव्हीके नावाचा खास दुभाष्या बसतो, आणि डायरेक्टएक्स १२ च्या नव्या गेमसाठी व्हीकेडी३डी. ही सगळी मंडळी एकत्र बांधून व्हॉल्व्ह कंपनीने २१ ऑगस्ट २०१८ ला ‘प्रोटॉन’ आणलं आणि आपल्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातच बसवलं. स्टीममध्ये गेम निवडायचा, ‘इन्स्टॉल’ दाबायचं, संपलं.

व्हॉल्व्हने हे धर्मादाय म्हणून केलं नाही. आपल्या दुकानाचा सगळा धंदा मायक्रोसॉफ्टच्या ओट्यावर मांडलेला आहे, ही धास्ती त्यामागे होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र बाजारात आणलं. त्यात लिनक्सच आहे. यंत्र खपलं तसे गेम बनवणारेही आपला गेम त्यावर चालतो की नाही हे बघू लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहानच आहे, पण याच वाटेवरून बाकीच्यांना चालता येतं. एल्डन रिंग, विचर ३, सायबरपंक २०७७, जीटीए ५ ची एकट्याने खेळायची कथा, हे सगळं प्रोटॉनवर चालतं. काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ आणि माइनक्राफ्टची जावा आवृत्ती यांना तर दुभाष्याही लागत नाही, ते लिनक्सची भाषा स्वतःच बोलतात.

दुभाष्या नको, किल्ली द्या

इथवर वाचून धाकटा पेन ड्राइव्ह शोधायला उठेल. त्याला थांबवून एकच विचारायचं: ‘रोज संध्याकाळी मित्रांबरोबर काय खेळतोस?’

उत्तर व्हॅलोरंट असेल तर चर्चा तिथेच संपते. या गेमबरोबर व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी येतो. खेळात फसवणूक करणाऱ्यांना पकडणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी तो गेमच्या शेजारी न बसता थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे घराच्या माजघरात, मुक्काम ठोकतो. लॅपटॉप चालू होताच जागा होतो. लिनक्सवर ते माजघरच नाही. दुभाष्या मागण्यांचं भाषांतर करू शकतो, घर नव्याने बांधून देऊ शकत नाही. शिवाय लिनक्समध्ये मालकाला स्वतःचं माजघर हवं तसं पाडून बांधता येतं. आपण त्याला स्वातंत्र्य म्हणतो, गेम कंपनीला त्यात फसवणुकीची वाट दिसते.

लीग ऑफ लीजेंड्समध्ये हाच पहारेकरी २०२४ मध्ये आला आणि लिनक्सवर आधी चालणारा तो गेम बंद पडला. फोर्टनाइट, पीसीवरचा पबजी, कॉल ऑफ ड्यूटीचं वॉरझोन, बॅटलफिल्ड ६ यांची दारंही लिनक्सला बंद आहेत. एपेक्स लीजेंड्सची कहाणी जास्त बोलकी आहे. तो लिनक्सवर छान चालत होता, स्टीम डेकवरही. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने दार लावून घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआय हा पहारेकरी बसला आणि लिनक्सवाले ऑनलाइन खेळातून बाहेर पडले. गंमत म्हणजे बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट हे दोन्ही पहारेकरी लिनक्सवर काम करू शकतात. २०२१ पासून तशी सोय आहे. ती चालू करायची की नाही, हे गेम कंपनी ठरवते.

या विषयातला माझा मुद्दा हाच आहे. लिनक्सवर जावं की नाही, हा प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो, पण उत्तर बहुतेक वेळा यंत्रात नसतं. ते गेम विकणाऱ्याच्या कचेरीत असतं, आणि आज ‘हो’ म्हणणारा उद्या ‘नाही’ म्हणू शकतो. म्हणून सुरुवात लॅपटॉपपासून करायची नाही. वहीचं एक पान घ्यायचं, गेल्या सहा महिन्यांत खरोखर खेळलेले गेम लिहायचे, कधीतरी खेळू म्हणून घेऊन ठेवलेले नाहीत. मग प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर एकेक नाव टाकायचं. तिथे खेळाडूंनीच दिलेले शेरे आहेत: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि सगळ्यात खाली ‘बोर्क्ड’, म्हणजे चालतच नाही. शेऱ्याची तारीख आणि लिहिणाऱ्याचं ग्राफिक्स कार्डही बघायचं. दोन वर्षांपूर्वीचा प्लॅटिनम आज खोटा असू शकतो.

लॅपटॉप एकट्याचा नसतो

गेमचं पान भरलं की दुसरं पान उघडायचं. कारण आपल्याकडे गेमिंग लॅपटॉप फक्त गेमसाठी क्वचितच असतो. घरात घेऊन देताना ‘अभ्यासाला लागतो’ असं सांगितलेलं असतं, आणि ते खरंही ठरतं. वडिलांचं दुकान असेल तर त्यावर टॅली असते. लग्नसराईत त्याच लॅपटॉपवर फोटोशॉपमध्ये अल्बम होतो, निवडणुकीत कोरलड्रॉवर फ्लेक्स होतो. शेजारच्या पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ यांतलं काहीच लिनक्ससाठी बनत नाही. ब्राउझरमधले फॉर्म कुठूनही भरता येतात, पण अंगठ्याचं यंत्र किंवा डिजिटल सहीची किल्ली लावायची वेळ आली की तिचं सॉफ्टवेअर सहसा विंडोजसाठी असतं.

मराठीचं काय? युनिकोड मराठी लिनक्सवर चांगली चालते. इनस्क्रिप्ट कळफलक आतच असतो, आणि रेड हॅटच्या पुढाकारातून आलेले लोहित फॉन्ट मुळात लिनक्सच्याच अंगणातले. अडतं ते जुन्या कामात. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली पत्रिका, अहवाल, प्रश्नपत्रिका ते फॉन्ट नसताना लिनक्सवर उघडून बघा, कचरा दिसेल. घरात कोणी शिक्षक असतील तर हे आधी विचारून घ्या. नंतर त्यांचं बोलणं ऐकायला लागेल.

ग्राफिक्स कार्डाची नाडी

दोन्ही पानं जुळली तर मग लॅपटॉपकडे वळायचं. गेमिंग लॅपटॉपमध्ये सहसा दोन ग्राफिक्स असतात: प्रोसेसरमधलं साधं, बॅटरी वाचवणारं, आणि वेगळं बसवलेलं, ताकदीचं. विंडोजमध्ये त्यांची अदलाबदल आपोआप होते. लिनक्समध्येही आता होते, पण कधीकधी हाताने सांगावं लागतं की हा गेम ताकदवान कार्डावरच चालव. न सांगितल्यास गेम साध्या ग्राफिक्सवर रखडतो आणि दोष लिनक्सच्या माथी बसतो.

एएमडीचं कार्ड असेल तर ड्रायव्हर लिनक्समध्ये आतच असतो. एनव्हिडियाचा वेगळा बसवावा लागतो. इथे आपल्या दोन भावांची वाट फुटते. आतेभावाचं आरटीएक्स ३०५० नव्या घराण्यातलं, त्याला ताजा ड्रायव्हर मिळत राहील. धाकट्याचं जीटीएक्स १०५० पास्कल पिढीचं. एनव्हिडियाची ५८० ही ड्रायव्हर शाखा या पिढीला आधार देणारी शेवटची. म्हणजे त्याने असं लिनक्स निवडायला हवं जिथे हा जुना ड्रायव्हर सहज बसतो आणि अपडेटबरोबर निघून जात नाही. डायरेक्टएक्स १२ चे गेम या पिढीवर लिनक्समध्ये जास्त अडखळतात. पण ८ जीबी रॅमच्या त्या लॅपटॉपवर ते विंडोजमध्ये तरी कुठे धावत होते?

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पंख्यांचा वेग, कीबोर्डचे रंगीत दिवे, ‘टर्बो’ बटण हे सगळं सहसा लॅपटॉप कंपनीच्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमधून चालतं, आणि ते सॉफ्टवेअर लिनक्सवर येत नाही. काही कंपन्यांच्या लॅपटॉपसाठी हौशी प्रोग्रामरांनी पर्याय लिहिलेत, काहींसाठी नाहीत. दिवे नाही लागले तर चालेल. पण मे महिन्यात नंदुरबारचा पारा चढतो तेव्हा पंख्यावर ताबा नसणं परवडत नाही.

मूठभर मिरची

नंदुरबारच्या बाजार समितीत मिरचीचा ढीग कोणी न बघता घेत नाही. मूठभर उचलतात, हातात चुरतात, ओल किती आहे ते बघतात, मग बोली लावतात. लिनक्सचंही असंच करता येतं. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, लिनक्स मिंट या लिनक्सच्या आवृत्तीची सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून त्यावर चढवा, लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ१२ किंवा तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबा, आणि पेन ड्राइव्ह निवडा. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालू होतं. आतल्या डिस्कला हात लागत नाही.

आता बघायचं ते हे: वायफाय लागतं का? आवाज येतो का? पडद्याचा उजेड कमीजास्त होतो का? झाकण मिटून पुन्हा उघडलं की यंत्र जागं होतं का? गेम मात्र या अवस्थेत तपासू नका. एनव्हिडियाचा खरा ड्रायव्हर सहसा तिथे नसतो, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचाच निघेल.

बाक वाटून घेणं

आता पुन्हा नवापूरच्या बाकाकडे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात. चालू करताना यादी येते, हवं ते निवडायचं. व्हॅलोरंटला विंडोज, बाकी सगळ्याला लिनक्स. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीसाठी जागा असते. तिथे लिनक्सला वेगळी डिस्क दिली तर भांडणं कमी होतात.

कमी होतात, संपत नाहीत. विंडोज ११ मध्ये डिस्क अनेकदा कुलूपबंद असते, मालकाला माहीत नसतानाही. लिनक्स बसवताना सिक्युअर बूटच्या, म्हणजे यंत्र चालू होतानाच्या सुरक्षेच्या, सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. आधी उघडून कागदावर उतरवून घ्या, अंक पुन्हा एकदा ताडून बघा, मगच पुढे जा. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने अनेकांच्या दोन्ही असलेल्या लॅपटॉपांवर लिनक्स उघडायचंच बंद केलं होतं. दोन राज्यांच्या बाकावर बसलं की दोन्हीकडचे नियम लागू होतात.

दुसरी गंमत घड्याळाची. लिनक्समधून बाहेर पडून विंडोज उघडली की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. रात्रीचे नऊ वाजलेत आणि ते दुपारचे साडेतीन दाखवतंय. लोक बॅटरी गेली समजून दुकान गाठतात. बॅटरी ठीक असते. लॅपटॉपच्या आत एक घड्याळ असतं. विंडोज त्याला भारतीय वेळ समजते, लिनक्स ग्रिनिचची. दोघांत बरोबर ५ तास ३० मिनिटांचं अंतर, म्हणजे आपल्या देशाचंच. लिनक्समध्ये एक आज्ञा दिली की दोघांचं एकमत होतं:

टाइमडेटसीटीएल, मोकळी जागा, सेट-लोकल-आरटीसी, मोकळी जागा, १. (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.)

डाउनलोडचा हिशोबही करून ठेवा. जीटीए ५ शंभर जीबीच्या पुढे जातो. मोबाइलचा रोजचा २ जीबी डेटा धरला तर पन्नास दिवस. म्हणून गेमचं फोल्डर विंडोजच्या भागातून लिनक्सच्या भागात कॉपी करून घ्या आणि मग स्टीमला ‘इन्स्टॉल’ म्हणा. असलेल्या फाइली तपासून तो उरलेलंच उतरवतो. विंडोजच्या भागातूनच थेट खेळायचा मोह टाळा, प्रोटॉनला ते मानवत नाही.

आणि अडलात तर? दुकानदार बहुधा पुन्हा विंडोजच मारून देईल. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतून आहेत, ते आधीच उतरवून ठेवा. परत फिरायचं झालं तर लायसन्सची चिंता नको. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची किल्ली सहसा मदरबोर्डातच नोंदलेली असते. लिनक्स टाकल्याने ती पुसली जात नाही.

दोन भाऊ, दोन पानं

धाकट्याच्या पहिल्या पानावर माइनक्राफ्ट, काउंटर-स्ट्राइक २ आणि जीटीए ५ ची कथा निघाली. दुसऱ्या पानावर ब्राउझर आणि कॉलेजची पायथन. टॅली नाही, फोटोशॉप नाही. त्याने विंडोज पुरती काढावी. असुरक्षित होत चाललेल्या विंडोज १० वर बसून राहण्यापेक्षा त्याचं लिनक्सवर भलं आहे, आणि नव्या लॅपटॉपचे पैसे काही वर्षं वाचतील.

आतेभावाच्या पानावर पहिलंच नाव व्हॅलोरंट, आणि दुसऱ्या पानावर आत्याच्या शाळेच्या श्रीलिपीतल्या फाइली. त्याने विंडोज ठेवावी. हौस असेल तर दुसरी एसएसडी घालून लिनक्स शेजारी बसवावं. स्टार्ट मेनूतल्या शिफारशी सेटिंगमधून बंद करता येतात, तेवढ्यासाठी घर बदलायचं कारण नाही. म्हणजे ज्याचा लॅपटॉप जुना, त्याने हलायचं, आणि ज्याचा नवा, लिनक्सला जास्त झेपणारा, त्याने थांबायचं. यंत्र बघून ठरवलं असतं तर नेमकं उलटं झालं असतं.

मुहूर्त तेवढा नीट बघा. सीईटीच्या फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर असताना हे करू नका. होळीच्या सुट्टीत करा. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाला राजवाडी होळी बघायला निघण्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. परत आल्यावर लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, लाइट जाण्याची वेळ टाळा, आणि ती दोन पानं समोर ठेवून पहिलं बटण दाबा.